केसपेपरवर काय लिहिलंय, ते आधी पाहा

प्रश्न : आम्ही नाशिकला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. तीन आठवड्यांपूर्वी समोरच्या फ्लॅटमधला जर्मन शेफर्ड जिन्यात आईच्या अंगावर धावून आला आणि उजव्या मनगटाच्या वर चावला. त्याला पट्टा लावलेला नव्हता. आई ६१ वर्षांची आहे, घरून पोळीभाजीचे डबे देते. समोरच्या काकांनीच तिला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, बिलही भरलं. पोलिसांचं लचांड नको म्हणून त्यांनी डॉक्टरांना भटका कुत्रा चावला असं सांगितलं. तेव्हा आम्हीही काही बोललो नाही. आता ते १५,००० रुपये द्यायला तयार आहेत, पण ‘यापुढे आमची काही तक्रार नाही’ असा कागद लिहून मागतात. कोर्टाने दाताच्या एका खुणेला १०,००० रुपये ठरवल्याचं मी वाचलं आहे. आईच्या हातावर चार खुणा आहेत. मग ४०,००० मागावेत का? ग्राहक मंचात जाता येईल का? आई म्हणते, शेजाऱ्यांशी वाकडं नको. पण ती आता एकटीने जिना उतरत नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दातांचा हिशेब सोडून द्या. तो आकडा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या २०२३ सालच्या निकालातला आहे. त्या दोन राज्यांनी आणि चंडीगढने समित्या नेमून भरपाई द्यावी, असा तो आदेश आहे. नाशिकमध्ये शेजाऱ्यापुढे तो ठेवून उपयोग नाही. ग्राहक आयोगाचाही इथे संबंध नाही. तुम्ही काकांकडून कुठलीही सेवा विकत घेतलेली नाही.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितली आहे. केसपेपरवर ‘भटका कुत्रा’ असं लिहिलं गेलंय. किती मागायचे हा प्रश्न त्यानंतरचा. आज तुमच्या हातात जो एकमेव सरकारी वजनाचा कागद आहे, तो सांगतो की काकांच्या कुत्र्याचा या जखमेशी संबंध नाही.

अशा दाव्यांची माती इथेच होते. चावा खरा असतो, जखम खरी असते, सगळी इमारत साक्षीला असते. पण इजा झाल्यावर पहिल्या तासात डॉक्टरांनी लिहून घेतलेली हकीकत न्यायालय फार गांभीर्याने घेतं, कारण तेव्हा कोणाच्या डोक्यात दावा नसतो असं धरलं जातं. उलटतपासणीत समोरचा वकील केसपेपर आईच्या हातात देतो आणि विचारतो, ‘हे खरं की तुम्ही आज सांगता ते खरं?’ ‘शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून आम्ही गप्प बसलो’ हे उत्तर खरं असलं, तरी तीन वर्षांनी ते रचल्यासारखं वाटतं. अपघाताच्या दाव्यांत ‘गाडीवरून पडलो’ अशी नोंद झाल्यावर धडक देणारी गाडी सुटते, तेच इथे होतं. काका वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनी गाडी काढली, बिल भरलं. पण उद्या पैशाचा आकडा वाढला की त्यांच्या वकिलाला हाच कागद पहिला दिसेल.

तेव्हा ही दुरुस्ती याच आठवड्यात करा. मूळ कागदावर खाडाखोड करू नका, कोणाला करूही देऊ नका. दवाखान्याच्या नावाने साधा अर्ज लिहा : अमुक तारखेला हकीकत कोणी सांगितली, ती चुकीची कशी, खरा प्रसंग काय, कुत्रा कोणाचा. आईची सही घ्या आणि प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. लस दंडात दिली जात असेल, तर २८ व्या दिवसाचा डोस बहुधा बाकी असेल. त्या भेटीत आईने स्वतः डॉक्टरांना खरी हकीकत सांगावी आणि ती कागदावर नोंदवून घ्यावी. तो डोस चुकवू नका. ‘आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे’ असं काका म्हणत असतील, तर लसीच्या कार्डाची प्रत मागा. पण आईचा कोर्स थांबवायचा की नाही, हे फक्त डॉक्टर ठरवतील.

चाव्यानंतर काकांनी व्हॉट्सॲपवर माफी मागितली असेल, औषधाचे पैसे पाठवले असतील, तर ते संदेश ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नका, बदलू नका. ‘भटका’ या शब्दाला त्याहून चांगलं उत्तर नाही. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. सचिवांना ते जपून ठेवण्यासाठी लेखी अर्ज आजच द्या. हाच कुत्रा आधी दूधवाल्याच्या किंवा वॉचमनच्या अंगावर गेला असेल, तर तेही लिहून घ्या. मालकाला स्वभाव माहीत होता आणि तरी पट्टा नव्हता, या दोन गोष्टींवर दिवाणी दावा उभा राहतो.

आता १५,००० रुपये. ‘तक्रार नाही’ या कागदावर आत्ता सही करू नका. मनगटाच्या वरची जखम आहे; बोटं पूर्ण वळतात का, पोळी लाटता येते का, हे अजून कळायचं आहे. उपचारापोटी रक्कम घ्यायची असेल तर घ्या, पावतीवर ‘औषधोपचाराच्या खर्चापोटी, इतर हक्क राखून’ एवढंच लिहा. आणि डबे बंद पडले ते नुकसान तुम्ही मोजलेलंच नाही! डब्यांची वही, गिऱ्हाइकांनी मोबाइलवरून पाठवलेले पैसे, मदतीला बाई ठेवली असेल तर तिचा पगार, हे सगळं काढून ठेवा. मागणीचा आकडा त्यातून निघेल.

पोलिसांत जाता येतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंड सरकारजमा होतो. त्यातून भरपाई हवी तर न्यायालयाने तसा आदेश द्यावा लागतो. वेळही पाहा : मुंबईत २०१० साली रॉटवायलर चावल्याच्या प्रकरणात मालकाला शिक्षा सुनावली गेली ती २०२३ साली. काकांनी चावाच नाकारला, तर मात्र लेखी तक्रार द्यायला कचरू नका.

कुत्रा सोसायटीतून हाकलण्याचा ठराव करू नका. तो टिकत नाही.

तुमच्या आईला पैशापेक्षा जिना हवा आहे, असं मला पत्रावरून वाटतं. तो घरगुती कागदाने मिळणार नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व अर्ज करा. तिथे काकांना बोलावून रक्कम ठरवता येईल आणि अटीही घालता येतील : जिन्यात व लिफ्टमध्ये पट्टा व तोंडाला जाळी, फिरवायच्या ठरलेल्या वेळा. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, ती मोडली तर अंमलबजावणी मागता येते. शेजारही बहुधा टिकतो. ते जमलं नाही तर मालकाविरुद्ध दिवाणी दावा आहेच. त्याची मुदत साधारणपणे तीन वर्षं धरली जाते. (कुत्रा खरोखर भटका असता आणि महापालिकेवर दावा करायचा असता, तर एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांची मुदत पाळावी लागली असती. इतर वाचकांनी हे लक्षात ठेवावं.)

वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. आईच्या नावाने अर्ज करा.