काटा उलटा फिरला तर

मनू,

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, माझ्याच टेबलावरचा वॅटमीटर उलटा गेला, सगळे बघायला लागले," आणि एकदम गप्प झालीस. तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली नि बोलणं राहून गेलं. तुझं काहीही चुकलेलं नाही, हे आधी सांगते. तीन फेजची मोटर रिकामी फिरत असताना दोनपैकी एका वॅटमीटरचा काटा उलटा जायलाच हवा.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी माझ्याही बाबतीत हेच झालं होतं. काटा शून्याच्या खाली जाऊन टेकला, तशी मी सप्लाय बंद केला, करंट कॉइलच्या एम आणि एल टर्मिनलच्या वायरी अदलाबदल केल्या आणि पुन्हा चालू केला. काटा सरळ चढला, जीव भांड्यात पडला. इथवर सगळं बरोबर होतं. पण तो आकडा मी जर्नलमध्ये वजा चिन्ह न लावता लिहिला. एक वॅटमीटर 560, दुसरा 320, बेरीज 880 वॅट. ओरलला बाहेरून आलेल्या मॅडमनी पान उघडलं आणि शांतपणे विचारलं, "तीन हॉर्सपॉवरची मोटर, शाफ्टवर काहीही लोड नाही, तरी 880 वॅट खाते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रागावल्या नाहीत, पण तो प्रश्न माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

आता तेच आकडे नीट मांडून बघ. 560 वजा 320, म्हणजे 240 वॅट. रिकाम्या मोटरचं घर्षण आणि लोखंडातली हानी भागवायला एवढी पॉवर पटण्यासारखी आहे. फरक घ्यायचा तर 560 मधून वजा 320 वजा करायचे, म्हणजे 880. टॅन फाय म्हणजे वर्गमूळ तीन गुणिले फरक भागिले बेरीज. कोन 81 अंशांच्या आसपास येतो आणि पॉवर फॅक्टर जेमतेम 0.16. आता ॲमीटरकडे वळ. 2.1 ॲम्पिअर, 415 व्होल्ट, वर्गमूळ तीन, सगळं गुणलं की साधारण 1510 व्होल्ट-ॲम्पिअर होतात. 240 ला त्यानं भाग, पुन्हा 0.16. दोन वाटांनी एकच उत्तर आलं. माझ्या चुकीच्या आकड्यांनी सूत्रातून 0.9 येतं आणि ॲमीटरच्या वाटेनं 0.58. ही पडताळणी मी तेव्हा केली असती, तर चूक टेबलावरच सापडली असती. तू ती दर वेळी कर, सांगितलेली नसली तरी.

तू विचारलंस, तीन फेजना दोनच वॅटमीटर कसे पुरतात? हे पाठ करू नकोस. उंची मोजताना आपण जमीन शून्य धरतो ना, तसं इथं एका वायरला शून्य धरायचं. आर, वाय, बी या तीन फेजपैकी वायवर दोन्ही प्रेशर कॉइलची टोकं जोडली की वायचं व्होल्टेज वायपासूनच मोजलं जातं, म्हणजे शून्य, आणि तिथं मोजायला पॉवरच उरत नाही. आर आणि बी मधून आलेला करंट वायमधूनच परत जातो, दुसरी वाट नाही. आंद्रे ब्लाँडेल यांनी 1893 मध्ये हे सर्वसाधारण नियम म्हणून मांडलं: जितक्या वायरी, त्याहून एक वॅटमीटर कमी. म्हणूनच लोड स्टार असो वा डेल्टा, संतुलित असो वा नसो, बेरीज खरीच येते. टॅन फायचं सूत्र मात्र फक्त संतुलित लोडला लागू. आणि न्यूट्रल जोडून त्यातून करंट जात असेल, तर वायरी चार झाल्या. तिथं दोन वॅटमीटरवर विसंबू नकोस.

काटा उलटा का जातो तेही चित्र काढून बघ. लाइन व्होल्टेज आणि लाइन करंट यांच्यात मुळातच 30 अंशांचा फरक असतो. एका वॅटमीटरला तो कोनात मिळवला जातो, दुसऱ्याला वजा होतो. करंट 60 अंश मागे पडला की पहिल्याचा कोन 90 होतो आणि काटा शून्यावर येतो. त्याहून मागे पडला की उलटा.

आता प्रत्यक्ष जोडणीतली एक गोष्ट. प्रेशर कॉइल दोन लाइनींच्या मध्ये बसते, तिच्यावर 415 व्होल्ट येतात, तेव्हा 600 च्या टर्मिनलला जोड, 300 च्या नाही. चुकीच्या टर्मिनलनं कॉइल जळताना मी पाहिली आहे. आधी व्हार्निशचा वास येतो. मोटर डिमरस्टॅटनं हळूहळू चढव, नाहीतर सुरुवातीचा करंट पाच ॲम्पिअरच्या कॉइलला झेपत नाही. आणि गुणक विसरू नकोस: 600 व्होल्ट, 5 ॲम्पिअर, पट्टीवर 750 भाग, तर एक भाग 4 वॅट. माझे 140 भाग म्हणजेच ते 560.

शुक्रवारी लोड टेस्ट आहे म्हणालीस. ब्रेक ड्रमचा पट्टा एकेक फेरा आवळत जा, ड्रममध्ये पाणी आहे ना ते बघ, आणि डोळे त्या उलट जोडलेल्या वॅटमीटरवर ठेव. लोड वाढेल तसा त्याचा आकडा कमी होत शून्याकडे येईल. अगदी शून्यावर आला की तिथं थांब आणि पॉवर फॅक्टर काढ, 0.5 च्या जवळ येईल. मग सप्लाय बंद करून एम-एल पुन्हा सरळ कर. तिथून पुढची सगळी रीडिंग अधिक लिहायची.

तुझी,
ताई