किल्ला आणि किल्ली

आपल्या नगरचा भुईकोट किल्ला आपण सर्वांनीं पाहिला आहे. भक्कम तट आणि सभोंवार रुंद खंदक, अशी त्याची ख्याति होती. तरी १८०३ च्या ऑगस्ट महिन्याच्या १२ तारखेस तो शिंद्यांच्या शिबंदीकडून इंग्रज सेनापति आर्थर वेलस्ली याच्या हातीं गेला. हाच वेलस्ली पुढें स्पेन देशांत फ्रेंचांशीं लढत असतां शत्रूचीं पकडलेलीं पत्रें त्याजकडे येत. त्यांत शब्दांच्या जागीं आंकडे असत. सुमारें १४०० आंकड्यांचा तो संकेत त्याच्या पदरचा अधिकारी जॉर्ज स्कोव्हेल यानें १८१२ सालीं बहुतांशीं उलगडला. फ्रेंच अधिकारी अर्धें पत्र उघड व अर्धें आंकड्यांत लिहीत. उघड शब्दांवरून झांकलेले शब्द ताडतां आले. दगडी तट तोफांनीं पडतो, अक्षरांचा तट निष्काळजीपणानें पडतो. या दुसऱ्या तटाचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही विद्या आपणांस परकी नाहीं. करपल्लवी व नेत्रपल्लवी हे शब्द आपल्या भाषेंत रुळलेले आहेत. महानुभाव पंथानें आपले ग्रंथ सकळ नांवाच्या सांकेतिक लिपींत शेंकडों वर्षें झांकून ठेविले. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं तिचा उलगडा केल्यावर तें भांडार मराठी वाचकांस खुलें झालें. पवित्र शास्त्रांतहि यिर्मयाच्या ग्रंथांत ‘शेशख’ असें एक नांव येतें. इब्री वर्णमालेंतील पहिल्या अक्षराऐवजीं शेवटचें, दुसऱ्याऐवजीं उपांत्य, अशी अदलाबदल केली असतां तें ‘बाबेल’ होतें.

आतां एक सोपें उदाहरण घेऊं. प्रत्येक व्यंजनाऐवजीं वर्णमालेंतील पुढचें व्यंजन लिहावयाचें ठरविलें, तर ‘नगर’ याचें ‘पघल’ होईल. येथें अक्षरें पुढें सरकविणें ही रीति, आणि किती घरें सरकविणें ही किल्ली. क पासून ळ पर्यंत चौतीस व्यंजनें धरलीं तर किल्ल्या तेहतीसच. चतुर विद्यार्थी त्या सर्व एका दुपारीं लावून पाहील. म्हणून रीति अशी हवी कीं किल्ल्यांची संख्या मोजण्यापलीकडे जावी. २००१ सालीं अमेरिकेंत प्रमाण ठरलेल्या व आज जगभर चालणाऱ्या रीतींत मोठ्यांतील मोठी किल्ली शून्य व एक अशा २५६ चिन्हांची असते. अशा किल्ल्यांची संख्या लिहूं गेल्यास ७८ अंकी होते.

रीति शत्रूस कळली तरी चालेल, गुप्तता केवळ किल्लींतच असावी, हें तत्त्व केर्कहॉफ्स यानें १८८३ सालीं मांडलें. त्याचें मर्म असें कीं, यंत्र रणांगणावर शत्रूच्या हातीं लागणें अटळ आहे. किल्ली मात्र रोज बदलतां येते. पण म्हणूनच खरा भार किल्ली संभाळणारावर पडतो. ती निर्माण करणें, योग्य हातीं पोंचविणें, जपणें, वेळेवर बदलणें, आणि काम संपतांच नष्ट करणें, या पांच कामांपैकीं एकांत चूक झाली कीं सर्व व्यर्थ. जर्मनांच्या एनिग्मा यंत्रावर संदेशाची किल्ली आरंभीं दोनदां लिहिण्याची चाल होती. तेवढ्या पुनरुक्तीचा धागा धरून पोलंडचा गणिती रेयेव्स्की यानें १९३२ सालीं त्याचा भेद केला. अमेरिकेच्या नौदलांतील जॉन वॉकर यानें तर पैशाच्या लोभानें किल्ल्यांच्या याद्याच सोव्हिएट हेरांस विकल्या. तो १९८५ सालीं पकडला गेला, तोंवर सुमारें सतरा वर्षें लोटलीं होतीं. तेथें गणित हरलें नव्हतें, माणूस हरला होता.

किल्ली दूर पोंचवावी कशी, हा प्रश्न फार जुना. पूर्वी ती जासूद नेई. १९७६ सालीं डिफी व हेलमन यांनीं अशी युक्ति दाखविली कीं, उघड्या मार्गावर बोलूनहि दोघांस समान गुप्त किल्ली ठरवितां यावी. परंतु पुरेसें समर्थ क्वांटम गणकयंत्र निघाल्यास हें कुलूप उघडेल, असें शोर यानें १९९४ सालीं सिद्ध केलें. तसें यंत्र अद्याप झालेलें नाहीं. तथापि आज चोरलेले संदेश जपून ठेवून पुढें वाचतां येतील, हा धोका आजचाच आहे. यास्तव २०२४ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेनें नव्या प्रमाण रीति जाहीर केल्या. आपल्या देशांतहि २०२२ सालीं संरक्षण संशोधन संस्था व दिल्लीची आय. आय. टी. यांनीं प्रयागराज ते विंध्याचल या शंभर किलोमीटरांहून लांब अंतरावर प्रकाशकणांच्या साह्यानें किल्ली पोंचवून दाखविली.

आपल्या शहरीं १९४८ पासून चिलखती दळाचें शिक्षणकेंद्र आहे, म्हणून हा विषय आपणांस जवळचा. रणगाडा दशकानुदशकें सेवेंत असतो. त्यांतील बिनतारी यंत्राचें कुलूप मात्र त्याआधींच जुनें होतें. यास्तव यंत्र असें घडवावें कीं, गाडी तीच राहून कुलूप व किल्ली बदलतां यावी. जुनीं यंत्रें सोडून देण्यास खर्च व कष्ट पडतात, पण विलंबाची किंमत जवानांच्या प्राणांनीं मोजावी लागते.

विद्यार्थिमित्रहो, गणिताचा तट विद्वान बांधतील. किल्ली मात्र तुम्हांआम्हांसारख्या साध्या माणसाच्याच मुठींत राहणार. थोडक्यांत विश्वासू राहण्याचा जो धडा आपण येथें शिकतों, त्याची कसोटी तेथें लागेल.