पहिली रायफल घेण्याआधी

पोरी, दुकान ठरवून झाल्यावर मला विचारतेस, रायफल कुठली घेऊ! बरं, पैसे अजून दिले नाहीस ना? मग सावकाश वाच.

१. शिकारीचं मनातून काढून टाक — १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौसेची शिकार संपली. नेरुळच्या पाणथळीतले फ्लेमिंगो बघायला दुर्बीण घे; जिवावर नळी रोखायची नाही, गंमत म्हणूनही नाही.

२. सुरुवात १० मीटरच्या एअर रायफलनं कर — ४.५ मिलिमीटर नळी आणि २० जूलच्या आतला जोर असेल तर परवाना लागत नाही, .२२ला लागतो. ओळखपत्र आणि वयाचा पुरावा मात्र बरोबर ने, बिल जपून ठेव.

३. ‘हिचा जोर जास्त’ म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढं हो — दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, तिथं जोर नव्हे, सारखेपणा लागतो. आवाजानं शेजारी जागा होतो, दहा नेमानंच पडतो.

४. आधी काही महिने क्लबच्या रायफलवर शीक — तुझा खांदा, मान, हाताची लांबी प्रशिक्षकाला कळली की निम्मी निवड झालीच. तुला तर घराजवळच सोय झाली: २००४ साली क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० गुण मिळवणाऱ्या सुमा शिरूर यांनी पनवेललाच लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला.

५. रायफल खांद्याला लाव, डोळे मीट, मान सैल सोड, मग डोळे उघड — नजर आपोआप मागच्या साइटमधून आरपार गेली पाहिजे. मान वाकवावी लागली तर ती रायफल तुझी नव्हे, कितीही स्वस्त मिळो. स्पर्धेत सव्वा तासात ६० नेम धरायचे असतात आणि चाळिसाव्याला मानच रडते. म्हणून दस्त्याची लांबी आणि गालपट्टी मागंपुढं, वरखाली होणारीच बघ. वजनाची मर्यादा साडेपाच किलो आहे, पण तेवढं उचललंच पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही.

६. स्प्रिंगची रायफल स्वस्त, पण झेपत असेल तर दाबलेल्या हवेची, म्हणजे पीसीपी घे — स्प्रिंगचा धक्का छर्रा नळीत असतानाच बसतो आणि नवख्या हाताला आपली चूक कुठली, बंदुकीची कुठली, ते उमगत नाही.

७. जुनी वॉल्थर किंवा फाइनवेर्कबाऊ मिळाली तर लाजू नकोस — चांगली नळी वर्षानुवर्षं टिकते. पण सिलिंडरवरची तारीख आधी वाच. त्याचं आयुष्य १० वर्षांचं, आणि ते संपलं असेल तर नव्याची किंमत व्यवहारातून वजा करून घे.

८. दोनतीन प्रकारचे छर्रे आण, रायफल टेकवून प्रत्येकाचे पाच-पाच मार — एकाच नळीतून एक छर्रा एकाच भोकात जातो, दुसरा विखुरतो. नळीची आवड नळीलाच विचारावी.

९. सगळे पैसे रायफलीत ओतू नकोस — जाकीट, हातमोजा, बूट यांनाही लागतात, आणि जाकीट तुझी पाठ सांभाळतं.

१०. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाक, घरी आल्याबरोबर लोखंडी भाग पुसून घे — खाडीची दमट हवा रात्रीत गंज धरवते.

११. छर्रे हाताळल्यावर हात साबणानं धुऊनच वडापावला हात लाव — छर्रे शिशाचे असतात.

१२. ‘रिकामी आहे’ असं कुणीही सांगो, स्वतः उघडून बघ, आणि नळी लक्ष्याकडंच ठेव — रिकामी मानलेलीच घात करते.

१३. व्यवहाराच्या दिवशी जाकीट अंगात घालून जा आणि मला फोन कर, येते मी — तू नेम धरशील तेव्हा तुझी मान वाकते का, हे बाजूला उभं राहिलेल्यालाच दिसतं.