झिपला पासवर्ड, पण कोणता?

प्रश्न : किनवटला माझं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. ग्राहकांचे आधार, जातीचे दाखले, जात वैधतेचे कागद स्कॅन करून कॉम्प्युटरवर राहतात. झिप करून पासवर्ड टाकला तर पुरे का?

उत्तर : पुरे होईल, पण पद्धत बरोबर हवी. विंडोजच्या स्वतःच्या झिप सोयीतून पासवर्ड घालता येत नाही. सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात झिप निवडलं की एन्क्रिप्शनच्या रकान्यात आधीपासून 'झिपक्रिप्टो' असतं. ते वापरू नकाच. त्याची फोड बिहाम आणि कोचर या संशोधकांनी १९९४ मध्येच दाखवली होती. 'एईएस-२५६' निवडा.

एवढं करूनही झिपमधल्या फाइलींची नावं पासवर्डशिवाय दिसतात. तुम्ही फाइलला ग्राहकाचं नाव किंवा आधार क्रमांक देत असाल, तर तो उघडाच राहिला! म्हणून 'सेव्हन-झेड' प्रकार घ्या आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर टिक करा.

पासवर्ड ई-आधारच्या धर्तीवर, म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, असा ठेवू नका. तो नमुना सगळ्यांना ठाऊक आहे. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडा आणि वहीत लिहून कुलपात ठेवा, कारण विसरलात तर फाइल परत मिळत नाही. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली, तर पासवर्ड फोनवर सांगा.

मूळ स्कॅन मात्र फोल्डरमध्ये तसेच राहतात. ते रिसायकल बिनमधूनही काढा. आणि काम झालेल्या ग्राहकाचे कागद ठेवायचेच कशाला?