उतरलेलं वजन परत चढतं तेव्हा

"ऑपरेशन झालंय ना, मग वजन परत कसं वाढलं?" मंडळाच्या जेवणात हा प्रश्न आला आणि पुढचे दोन कार्यक्रम आम्ही दोघं घरीच बसलो. लाजेपोटी डॉक्टरांकडे जाणंही टाळलं. चूक झाली ती तिथे.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूक मंदावते. एक-दोन वर्षांत वजन सर्वांत खाली येतं. पुढे थोडंफार वाढणं पुष्कळांच्या बाबतीत घडतं, कारण हलक्या शरीराला ऊर्जाही कमी लागते.

त्यात आपले पदार्थ! भाकरी-उसळीनं लहान पोट लगेच भरतं. आमरस, पीयूष मात्र सरळ खाली उतरतात, पोट भरल्याचं कळतच नाही. आमच्या घरचा चोर निघाला चहा: दिवसाला पाच कप, साखरेचे, सोबत मूठ-मूठ चिवडा. जेवण मात्र अगदी मोजून!

अखेर क्लिनिकमध्ये गेलो. आधी अंडं, पनीर, उसळ, मग उरलेल्या जागेत भात. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासानं. राहून गेलेली बी-१२ची तपासणीही झाली. वजनासाठी अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळालेल्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनाचा विचार पुढे करता येईल, असं डॉक्टर म्हणाले.

वाढलेल्या वीस पौंडांपैकी नऊ उतरलेत. यंदाच्या जेवणाला आम्ही येतोय. आग्रह तेवढा बेतानं करा.