टेललाइटमध्ये अडकलेला प्लॅस्टिकचा कीस

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या कारच्या मागच्या लाइटमध्ये पाणी साचायचं. ते निघून जावं म्हणून खालच्या बाजूला ड्रिलने बारीक भोक पाडलं. पाणी गेलं, पण प्लॅस्टिकचा कीस आत पडून लाल काचेला चिकटून बसला. गॅरेजमध्ये हवा मारून घेतली, तर तो आणखीच पसरला. डूम न फोडता हा कीस निघेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : निघेल. पण हवेने नाही, पाण्याने.

आपण जिला काच म्हणतो ती काच नसतेच. मागच्या लाइटला बहुधा ॲक्रिलिक असतं आणि हेडलाइटला पॉलिकार्बोनेट. दोन्हींतून वीज वाहत नाही. ड्रिल फिरताना घर्षणाने कीस विद्युतभारित होतो आणि तो भार निघून जायला वाट नसल्यामुळे कण आतल्या भिंतीला धरून बसतात. थर्माकोलचे मणी हाताला चिकटतात, त्यामागे हेच कारण आहे. कॉम्प्रेसरची हवा मारली की कण एका भिंतीवरून सुटून दुसऱ्या भिंतीला चिकटतात, शिवाय कोपऱ्यांत आणि फटींत घुसतात. कोरड्या फडक्याने पुसलं तर घासण्याने भार वाढतोच. लोहचुंबकाने प्लॅस्टिक ओढलं जात नाही. पाणी मात्र दोन कामं करतं : भार वाहून नेतं आणि कण उचलतं.

आधी लाइट गाडीतून सोडवा आणि बल्ब होल्डरसकट काढा. बल्बचं भोक तुमच्या ड्रिलच्या भोकापेक्षा कितीतरी मोठं असतं, म्हणून कीस तिथूनच बाहेर काढायचा. ते भोक खाली धरून तळहाताने हलके ठोके द्या, सुटे कण पडतील. मग व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला सलाईनची नळी टेपने जोडा आणि ती बल्बच्या भोकातून आत फिरवा. भोक पूर्ण बुजू देऊ नका. बाहेरची हवा आत शिरल्याशिवाय कण हलत नाहीत.

आता उरलेल्यांसाठी पाणी. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणा, कारण नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर आत पांढरे डाग ठेवतात. ड्रिलच्या भोकावर टेप लावा, लाइट पाव भरा, सौम्य शाम्पूचा एकच थेंब टाका, हलक्या हाताने घुसळा आणि बल्बच्या भोकातून झटक्यात ओता. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करा, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने खळबळून घ्या. मग टेप काढून दोन्ही भोकं उघडी ठेवा आणि लाइट पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. हेअर ड्रायर वापरलात तर थंड हवेवर. आतला सगळा ओलावा गेल्याशिवाय बल्ब बसवू नका. तुमचा लाइट एलईडीचा असेल आणि सर्किट आतच बंदिस्त असेल, तर पाणी अजिबात घालू नका. तिथे व्हॅक्यूमवरच थांबा.

थिनर, पेट्रोल, स्पिरिट यांतलं काहीही आत जाता कामा नये. ॲक्रिलिकला त्याने केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या कधीच जात नाहीत. कपडे धुण्याची पावडरही नको. ती अल्कधर्मी असते आणि आतल्या चकचकीत परावर्तकावरचा ॲल्युमिनियमचा थर खाते. हा थर इतका पातळ असतो की तारेला कापूस गुंडाळून पुसायला गेलात तर कापसाबरोबर तोच निघून येईल. एवढं करूनही एकदोन कण राहिले, तर माझ्या मते राहू द्यावेत. उजेडात त्यांनी फरक पडत नाही, पण खरवडलेल्या परावर्तकाने नक्की पडतो. बल्बच्या अगदी जवळचा कण मात्र काढाच : ब्रेकचा २१ वॅटचा बल्बसुद्धा प्लॅस्टिक वितळवण्याइतका तापतो.

आता त्या भोकाबद्दल. दिवा तापला की आतली हवा प्रसरण पावून बाहेर जाते, गार झाला की बाहेरची ओली हवा आत येते. म्हणून थोडं धुकं धरणं आणि दिवा लावल्यावर ते विरणं यात बिघाड नाही. पाणी साचत असेल, तर मागचं रबरी गॅस्केट फाटलंय, काचेच्या कडेचं सील सुटलंय किंवा कंपनीने ठेवलेली हवेची वाट चिखलाने बुजलीय. खरी दुरुस्ती तीच. तुमच्या भोकातून जसं पाणी बाहेर जातं, तसेच चाकाने उडवलेले शिंतोडे आणि धूळ आत येतात. चिपळूणच्या पावसात तर येणारच. तेव्हा गॅस्केट बदला, हवेची वाट मोकळी करा आणि मग भोक न्यूट्रल क्युअर सिलिकॉनने बुजवा. दुकानात मागताना नाव सांगून मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्लाची वाफ सोडतं, आणि त्या वाफेने होल्डरची धातूची टोकं गंजतात.