परमुलखीं कामास जाण्यापूर्वी

घोडपदेवासारख्या कामकरी वस्तींतून इराक-कुवेताकडे मजुरीस जाऊं पाहणाऱ्या बंधूंनीं मोसुल शहरीं काय घडलें तें ऐकावें, अशी आमची विनंति आहे. सन २०१४ च्या जून महिन्यांत तेथें ४० हिंदी मजूर बंडखोरांनीं धरून नेले. एक निसटला, बाकीचे ३९ मारले गेल्याची खात्री घरच्यांस सन २०१८ च्या मार्चांत झाली. चार वर्षें त्या बायकामुलांनीं कशी काढिलीं असतील!

यास्तव सन १९८३ च्या कायद्यान्वये नोंद असलेल्या दलालाकडेच जावें. भेटीच्या व्हिसावर मजुरीस जाणाऱ्याचें नांव कामगारांच्या सरकारी नोंदींत नसतें. मग संकटसमयीं त्यास शोधावें कोठें? तेथें उतरतांच हिंदी वकिलातींत नांव नोंदवावें. पासपोर्टाची नक्कल मात्र घरीं ठेवावी. धन्यानें मूळ काढून घेतला, तरी ती घरच्यांच्या हातीं राहते.